हेडफोनचा एक कान जातो-येतो? ड्रायव्हरला दोष देण्याआधी हे तपासा

वायरवाल्या स्टुडिओ हेडफोनची एक बाजू बंद पडली की "ड्रायव्हर उडाला" (ड्रायव्हर म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) हे निदान बहुतेक जण तिथल्या तिथे करून टाकतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे हेडफोनही हेच निदान घेऊन येतात. उघडून पाहावं तर ड्रायव्हर ठणठणीत असतो. तुटलेली असते ती वायर, आणि तीही ठरलेल्या तीन-चार जागांपैकी एखाद्या जागी. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून विकला जातोय, सेनहायझरचा एचडी २५ १९८८ पासून, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० १९८५ पासून. अशा हेडफोनांचे ड्रायव्हर नीट वापरले तर वर्षानुवर्षं टिकतात. दोन इंच वायरीपायी अशी वस्तू भंगारात गेलेली मला बघवत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि सोल्डरिंगपर्यंत जातो. क्रम मोडू नका. पहिल्या तीन पायऱ्यांत सुटणारे दोष इतके आहेत की थेट स्क्रूड्रायव्हर हातात घेणं म्हणजे नसलेलं काम ओढवून घेणं.

लक्षणं

- केबल हलवली की एका बाजूचा आवाज जातो, पुन्हा हलवली की येतो. संशय केबलच्या दोन टोकांवर: पिनेजवळ किंवा कपाजवळ.
- केबल हलवून काहीच होत नाही, पण मान वळवली किंवा डोक्यावरचा पट्टा लांब-आखूड केला की आवाज तुटतो. संशय पट्ट्यातून जाणाऱ्या वायरीवर.
- दोन्ही बाजू वाजतात, पण गायकाचा आवाज गायब. मागची वाद्यं आणि घुमारा तेवढा पोकळ ऐकू येतो.
- एक बाजू चालू आहे, पण कायम दबलेली.
- बास पातळ झालाय. कप हाताने कानावर दाबले की परत येतो.
- खालच्या सुरांवर एका बाजूला खर्र होतं, वरचे सूर स्वच्छ.
- एक बाजू पूर्ण मुकी. काहीही हलवा, फरक नाही.

यातलं तिसरं लक्षण लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं. गाणं चालू, तबला-पेटी लांबून ऐकू येते आणि गाणारा माणूसच नाही, म्हणून दोष फाइलमध्ये किंवा साउंड कार्डात शोधला जातो. कारण अगदी साधं आहे. हेडफोनच्या पिनेवर तीन भाग असतात: टोकाची टिप डाव्या कानासाठी, मधली रिंग उजव्या कानासाठी आणि मागची स्लीव्ह म्हणजे दोघांचा सामायिक परतीचा मार्ग, ग्राउंड. हा ग्राउंड तुटला की करंटला परत जायला वाट उरत नाही आणि दोन्ही ड्रायव्हर डाव्या-उजव्या तारांच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखे होतात. मग दोन चॅनलमधला जो फरक असेल तेवढाच वाजतो. गायकाचा आवाज मिक्समध्ये मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. फरक शून्य, म्हणून आवाज शून्य. हे ऐकू आलं की डाव्या-उजव्या तारा सोडून थेट ग्राउंडच्या मागे लागा, निम्मा वेळ वाचतो.

१. हेडफोन सोडून बाकी सगळं

हाच हेडफोन दुसऱ्या मशीनला लावा आणि त्याच मशीनला दुसरा हेडफोन लावा. दोन्ही करा, एकावर थांबू नका. दोष हेडफोनबरोबर फिरतो की मशीनपाशी राहतो, एवढंच पाहायचंय. ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राच्या) हेडफोन सॉकेटमधल्या पत्र्याच्या पट्ट्या रोजच्या वापराने सैल होतात, आणि मग धडधाकट हेडफोनही तिथे एका कानानेच वाजतो.

मोबाइल किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे का, तेही बघा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवायचं बटण) एका बाजूला राहून गेलेला असतो. इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला माइक लावून स्टीरिओ ट्रॅकवर आवाज घेतला, तर तो डावीकडेच ऐकू येतो आणि बिचारा हेडफोन बदनाम होतो.

आता अडॅप्टर. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर ६.३ मिलिमीटरचं जाड अडॅप्टर बसवलेलं असतं, बऱ्याच स्टुडिओ मॉडेलवर ते आट्यांनी फिरवून बसतं. वापरता वापरता ते पाव फेरा ढिलं होतं आणि खरखर सुरू होते. घट्ट फिरवा. एवढ्याने काम झालं तर पुढचं वाचायची गरज नाही. मोबाइलला लावत असाल तर जाड कव्हर काढून लावा. पिन शेवटपर्यंत आत गेली नाही की वरचाच गायक गायब होण्याचा प्रकार घडतो.

२. पिन आणि सॉकेट साफ करणं

पिनेवर बोटांचं तेल आणि घाम बसतो. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात, गोव्यात दमट हवेमुळे हा थर लवकर जमतो. स्वच्छ सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिन पुसा. टिप आणि रिंगच्या मधल्या काळ्या रेघांवरून नख फिरवा, तिथेच मळ साठतो. सॉकेटसाठी आधी मशीन बंद करा, पिनेला किंचित अल्कोहोल लावून ती दहा-बारा वेळा आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. गंज काढायचा तेलकट स्प्रे आत मारू नका. त्याचा थर मागे राहतो आणि धूळ धरून ठेवतो.

"एक बाजू दबलेली" या लक्षणाचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. मळक्या किंवा सैल जोडणीत काही ओहमचा अडथळा तयार होतो, आणि त्याचा फटका हेडफोनच्या इम्पीडन्सवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओहममधल्या विद्युत अडथळ्यावर ठरतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे. त्याच्या एका बाजूच्या वाटेत २० ओहम आडवे आले तर ती बाजू सुमारे ३.७ डेसिबलने खाली येते, म्हणजे कुणालाही सहज कळेल इतकी. तेच २० ओहम २५० ओहमच्या डीटी ७७० ला लागले तर फरक जेमतेम ०.७ डेसिबल. कमी ओहमच्या हेडफोनला पिनेची स्वच्छता जास्त सांभाळावी लागते ती यामुळे.

३. पॅड, जाळी आणि केस

अजून आपण काहीही उघडलेलं नाही. कानावरचे पॅड काढता येतात, बहुतेकांचे हाताने ओढून निघतात. बंद कपाच्या हेडफोनमध्ये पॅड हा आवाजाचाच भाग आहे. कान आणि ड्रायव्हर यांच्यामधली हवा कोंडलेली राहिली तरच खालचे सूर कानापर्यंत पोहोचतात. पॅडचं आवरण फाटलं, फोम बसला किंवा चष्म्याच्या काडीने फट राहिली, की सगळ्यात आधी बास जातो.

स्वस्त पॅडचं काळं आवरण पॉलियुरेथेनचं असतं. ओलावा आणि घाम यांनी ते आतून विघटित होतं आणि पापुद्रे सुटून कानाला चिकटतात. ही झीज वापर नसतानाही चालू राहते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेला हेडफोन दोन पावसाळ्यांनी काढला की पॅड हातात चुरा होऊन येतात. वापरून झाल्यावर किंचित ओल्या कापडाने पुसा आणि उघड्या हवेत वाळू द्या. सॅनिटायझर लावू नका, अल्कोहोलने आवरण आणखी लवकर तडकतं.

पॅड बदलताना एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ऑनलाइन मिळणारे "सगळ्यांना बसणारे" पॅड बसतात खरे, पण आवाज बदलतात. पॅड जाड झाला की ड्रायव्हर कानापासून लांब जातो. लेदरऐवजी मखमली पॅड लावला की हवा गळते आणि बास कमी होतो. गाणी ऐकायला ते चालेल. मिक्सिंग करणाऱ्याने मात्र त्याच मॉडेलसाठी बनवलेले पॅडच घ्यावेत. नाहीतर कान ज्या आवाजाला सरावलेत तोच हलतो, आणि कमी वाटणारा बास तुम्ही मिक्समध्ये भरत बसता.

पॅड काढलाच आहे तर जाळीकडे नीट बघा. खालच्या सुरांवर खर्र होत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा डोक्याचा एखादा केस जाळीतून आत शिरून ड्रायव्हरच्या पातळ पडद्याला टेकलेला असतो. मोठ्या उजेडात कप तिरपा धरला की तो दिसतो. प्लॅस्टिकच्या चिमट्याने अलगद ओढा, किंवा चिकटपट्टीचं टोक जाळीला टेकवून उचला. लोखंडी चिमटा वापरू नका. ड्रायव्हरचं चुंबक तो खेचून घेतं आणि टोक थेट पडद्यात घुसू शकतं. एअर ब्लोअरचा फवाराही नको, त्याने पडदा चेपतो.

केस गेला की नाही हे तपासायला तानपुरा लावू नका. जवारीची झणझण आणि केसाची खर्र एकमेकांत मिसळतात, काहीच कळत नाही. २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा साधा टोन लावा आणि आवाज मध्यम ठेवा. केस शिल्लक असेल तर एखाद्या ठरावीक सुरावर तो बोलतोच.

४. तुटकी जागा कानाने शोधणं

इथे मात्र तानपुरा उपयोगी पडतो. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपचा आवाज अखंड चालू राहतो. गाण्यात मुळातच जागा सुटतात, त्यामुळे वायर तुटली की गवई थांबला ते कळत नाही. व्हॉल्यूम कमी ठेवा, तुटक्या वायरीचे फटके कानाला मोठे बसतात.

हेडफोन डोक्यावर घालून स्वस्थ बसा. आधी पिनेच्या रबरी बुडाशी केबल चार दिशांना हलकेच वाकवा. मग तिथून बोटभर अंतरापर्यंत चिमटीत दाबत जा. मग मधली केबल, आणि शेवटी कपात शिरते ती जागा. एका वेळी एकच जागा हलवा आणि बाकीची केबल टेबलावर निश्चल राहू द्या, नाहीतर दोष कुठला ते समजणार नाही. त्यानंतर केबलला अजिबात धक्का न लावता पट्टा पूर्ण लांब करा, पूर्ण आखूड करा, कप आत-बाहेर वळवा.

केबल एकाच कपाला असेल (बहुतेक स्टुडिओ हेडफोनांत ती डाव्या कपाला असते) तर थोडा तर्क करा. उजव्या बाजूचा सिग्नल डाव्या कपातून पट्ट्यावाटे पलीकडे जातो. म्हणजे फक्त डावी बाजू गेली असेल तर पट्टा निर्दोष आहे, शोध केबल आणि डाव्या कपापुरता. फक्त उजवी गेली असेल तर केबलइतकाच संशय पट्ट्यातल्या वायरीवर ठेवा. डबिंग करणाऱ्या एका मुलीने उजवा कान मुका झालेला हेडफोन आणला होता. "दादा, नवीन ड्रायव्हर मिळेल ना?" असं विचारत तिने तो टेबलावर ठेवला. पट्टा दोन खाच बाहेर ओढला आणि उजवा कान बोलायला लागला. कपाच्या वर, पट्ट्यातून बाहेर डोकावणारी बारीक वायर सरकत्या पत्र्याच्या कडेला घासून तुटली होती. तुटलेली टोकं एका ठरावीक लांबीलाच एकमेकांना टेकत होती, आणि स्टुडिओतल्या दुसऱ्या कुणीतरी पट्टा आखूड करून ठेवला होता.

केबल काढता येणारी असेल तर सरळ दुसरी लावून बघा. एटीएच-एम५०एक्सची केबल फिरवून निघते, एकेजी के२४०च्या आताच्या आवृत्त्यांना मिनी-एक्सएलआर जोडणी आहे, एचडी २५ची केबल दोन्ही कपांतून दोन-दोन पिनांनी उपसता येते. दुसऱ्या केबलने दोष गेला तर नवीन केबल घ्या आणि मोकळे व्हा. नवा हेडफोन घ्यायचा असेल तर मी केबल निघणाराच घ्यायला सांगतो. घसरती खुर्ची केबलवरून गेली किंवा कुणी उठताना केबलला हिसका बसला, तर नुकसान सुट्या भागापुरतं राहतं.

५. मल्टीमीटर

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गावच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातही मिळतो. हेडफोन मशीनपासून सोडवा, डोक्यावर घालू नका, मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा (२५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला २००० च्या).

टिप आणि स्लीव्हला प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) लावले की डावी बाजू मोजली जाते, रिंग आणि स्लीव्हला उजवी. आकडा छापील इम्पीडन्सच्या जवळपास, बहुधा थोडा कमी यायला हवा. एमडीआर-७५०६ ६३ ओहमचा आहे, एचडी २५ ७० चा. आकड्यापेक्षाही दोन्ही बाजू सारख्या येणं महत्त्वाचं. प्रोब टेकवताना कपातून बारीक कट्ट आवाज आला तर ड्रायव्हर जिवंत आहे, एवढ्याने अर्धी काळजी मिटते.

आता अर्थ लावा. एकच बाजू ओपन, म्हणजे वाट तुटलेली दाखवत असेल तर त्या बाजूची तार किंवा ड्रायव्हर. दोन्ही बाजू ओपन, पण टिप-रिंग मोजल्यावर दुप्पट आकडा, तर ग्राउंड तुटलाय आणि दोन्ही ड्रायव्हर चांगले आहेत. एखादा आकडा शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे, म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकल्यात. असा हेडफोन दुरुस्त होईपर्यंत कशालाही लावू नका, ॲम्प्लिफायरवर ताण येतो. प्रोब चिकटपट्टीने पिनेवर पक्के करून केबल हलवा. आकडा जिथे उडतो ती जागा दोषी.

६. पिन बदलणं

साच्यात ओतलेली पिन उघडत नाही, कापावीच लागते. तुटण्याची जागा बहुधा रबरी बुडापासून एक-दोन बोटांत असते, म्हणून चार सेंटिमीटर वर कापा. कापल्यावर लगेच नवीन पिन लावायला जाऊ नका. आधी उघड्या टोकावर मीटर लावून केबल पुन्हा हलवा. आकडे स्थिर असतील तर दोष कापलेल्या तुकड्यात गेला. अजूनही उडत असतील तर तुटकी जागा दुसऱ्या टोकाला आहे, आणि नवीन पिनेचा खर्च आताच करण्यात अर्थ नाही.

वायरी सोलताच लोक अडकतात ते इथे. हेडफोनच्या आतल्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि प्रत्येकीवर रंगीत इनॅमलचा थर असतो. मध्ये मजबुतीसाठी धागाही असतो. इनॅमल असेपर्यंत सोल्डर धरत नाही, तार नुसती काळी पडते. ब्लेडने खरवडू नका, निम्म्या तारा तुटतात. धागा कापून टाका, तारांना पीळ द्या, फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा लेप) लावा. सोल्डरिंग आयर्न ३८० अंशांच्या आसपास ठेवून टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्या थेंबात धरून ठेवा. आधी थोडा धूर निघतो, इनॅमल जळतो, आणि मग सोल्डर तारेवर चढताना डोळ्यांना दिसतं. तार चकचकीत चंदेरी झाली की झालं. खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

रंगांवर विसंबू नका. लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा आणि तांब्याच्या रंगाचा ग्राउंड अशी रीत आहे, पण ती सगळे पाळत नाहीत. मीटरने खात्री करा. नव्या पिनेचं टोपण आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) आधीच केबलवर सरकवून ठेवा. सोल्डर करताना पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवली तर आतलं प्लॅस्टिक वितळून टिप-रिंग वाकड्या होत नाहीत. धातूच्या टोपणाची, केबलला आतून पकडणारी पिन घ्या. रस्त्यावरच्या हलक्या पिनेत ही पकड नावालाच असते आणि ओढ थेट सोल्डरवर येते, त्यामुळे तीच दुरुस्ती काही महिन्यांत पुन्हा दारात येते.

७. कप उघडणं

पिन निर्दोष ठरली तरच इथे या. पॅडखाली स्क्रू दिसतात. काही मॉडेलना स्क्रूऐवजी कडेची रिंग उचकटावी लागते. उघडण्याआधी आणि उघडल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढा: कुठली तार कुठे, फोम कसा बसवलाय, वायर कुठून वळवलीय. काढलेले स्क्रू हेडफोनच्या ड्रायव्हरच्या चुंबकापासून लांब, वाटीत ठेवा.

कपात केबल शिरते तिथे आतून गाठ मारलेली किंवा पकड बसवलेली असते. बाहेरची ओढ जोडावर येऊ नये म्हणून ती आहे. तुटकी केबल आखूड करून पुन्हा जोडताना ती गाठ पुन्हा मारा. ती राहून गेली तर सोल्डर कितीही सुंदर असो, टिकणार नाही. पट्ट्यातली वायर तुटली असेल तर तुटक्या जागी तुकडा जोडण्यापेक्षा एका कपापासून दुसऱ्यापर्यंत नवीन, मऊ, अनेक बारीक तारांची वायर ओढा. लांबी मोजताना पट्टा पूर्ण बाहेर ओढलेला ठेवा.

ड्रायव्हरच्या मागच्या टोकांवर आयर्न एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. कॉइलची केसाहून बारीक तार तिथेच येऊन मिळते. ड्रायव्हरमागच्या भोकांवर चिकटवलेला कागद किंवा फेल्ट सोलू नका. तो बासचं नियंत्रण करतो, सुटला की त्या बाजूचा आवाज कायमचा वेगळा होतो. कपातला फोम जसा होता तसाच परत बसवा, दोन्हीकडे सारखा.

जोडल्यावर कप बंद करण्याआधी एक तपासणी चुकवायची नाही, ती म्हणजे पोलॅरिटी. एका ड्रायव्हरच्या दोन तारा उलट लागल्या तरी दोन्ही बाजू वाजतात, त्यामुळे दुरुस्ती यशस्वी झाल्यासारखी वाटते. पण मधोमध हवा असलेला आवाज डोक्यात कुठेच ठरत नाही आणि डग्ग्याची घुमक विरळ होते. एखादं मोनो बोलणं लावा. आवाज कपाळाच्या मध्यावर स्वच्छ टेकला पाहिजे. शंका असेल तर सॉफ्टवेअरमध्ये एका चॅनलची पोलॅरिटी उलटवा. उलटवल्यावर जास्त बरं वाटलं तर तारा उलट आहेत.

कुठे थांबायचं

ड्रायव्हरच्या दोन टोकांवर, बाकीच्या तारा सोडवून, मीटर ओपन दाखवत असेल तर कॉइल तुटलीय. घरी तिथे हात घालू नका. मॉडेलचा सुटा ड्रायव्हर मिळत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बसवून घ्या. जुन्या जोडीला एकच नवा ड्रायव्हर बसवल्यावर दोन्ही बाजू जुळतात का, हे मोजून द्यायला सांगा. नवा ड्रायव्हरही काही दिवसांत गेला, तर दोष हेडफोनमध्ये नसून ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज येत असण्याची शक्यता आहे. तो आधी तपासून घ्या.

वॉरंटीत असलेला हेडफोन तिसऱ्या पायरीच्या पुढे नेऊ नका. पिन कापली की दावा संपला. बॅटरीवाले, ब्लूटूथ हेडफोन उघडू नका, आतली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. इलेक्ट्रोस्टॅटिक (उच्च व्होल्टेजवर चालणाऱ्या) हेडफोनला हात लावूच नका, स्टॅक्स कंपनीच्या प्रो जातीच्या हेडफोनना ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे कायम लावून ठेवलेलं व्होल्टेज लागतं. इंटरफेस किंवा मिक्सरचं सॉकेट गेलं असेल तर तेही जाणकाराकडे द्या, मिक्सरच्या आत मेन्सची वीज असू शकते.

आणि एक तपासणी हेडफोनची नाही. कुठलाही हेडफोन घातला तरी त्याच कानाला कमी ऐकू येतंय का? हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. कमी ऐकू येणं कपाबरोबर दुसरीकडे गेलं तर दोष हेडफोनचा, त्याच कानात राहिलं तर कानाचा. एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत कमी झालं असेल तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा बहिरेपणात उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं ऐकू परत येण्याची शक्यता जास्त.

दुरुस्तीला हेडफोन देताना कागदावर तीन आकडे लिहून द्या: टिप-स्लीव्ह, रिंग-स्लीव्ह, टिप-रिंग. शिवाय कुठली जागा हलवल्यावर आवाज जातो तेही लिहा आणि त्या जागी केबलला रंगीत चिकटपट्टी लावा. दुरुस्त झाल्यावर दुकानातच आकडे पुन्हा मोजून घ्या, केबल दोन्ही टोकांना वाकवून बघा, पट्टा पूर्ण लांब-आखूड करा, आणि मगच पैसे द्या.